‘जीएल’ने सुरू होणारे इंग्रजी शब्द : सगळ्यांचा अर्थ ‘चमकणे’च का?

कोरा_कागद (प्रश्न)

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिमर, ग्लिंट यांतला कुठलाही शब्द काढा, समोर ‘चमकणे, चकाकणे, लकाकणे’ हेच तीन. क्रम तेवढा मागेपुढे. आठवी-नववीच्या मुलांसाठी शब्दांचा तक्ता करायचा आहे आणि सहा शब्दांपुढे एकच अर्थ लिहिला तर मुलं कुठलाही शब्द कुठेही घालणार.

विचारायचं ते असं. यांच्यात नेमका फरक काय, आणि तो मराठीतून कसा सांगायचा? सगळ्यांची सुरुवात ‘जीएल’नेच का होते, योगायोग की काही कारण? आणि परीक्षेत अनोळखी शब्द ‘जीएल’ने सुरू झाला तर त्याचा उजेडाशी संबंध असणार, असा अंदाज मुलांनी करावा का?

हंडा_कळशी

शब्दकोश चुकलेला नाही, अपुरा आहे. मराठीतलं ‘चमकणे’ही तसं ढोबळच, पाठीत चमक भरते तेव्हा उजेड कुठे असतो? हे सहा शब्द सोडवायचे तर प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. उजेड वस्तूचा स्वतःचा आहे की बाहेरून पडलेला? पृष्ठभाग कोरडा आहे की ओला? आणि उजेड स्थिर आहे की हलता?

ग्लो म्हणजे आतून येणारा, ज्वाळा नसलेला उजेड. लाकूड जळून गेल्यावर राखेत जो निखारा रसरसत राहतो, तो ग्लो. घड्याळाच्या काट्यांवरचा हिरवट उजेड, तापाने लाल झालेले गाल, अभिमानाने उजळलेला चेहरा इथेही हाच शब्द. डोळ्यांना तो कधी टोचत नाही.

ग्लीममध्ये उजेड बाहेरचा आणि वस्तू घासूनपुसून लख्ख. चिंचेने घासून उन्हात पालथा घातलेला पितळी तांब्या डोळ्यांसमोर आणा. इंग्रजीत फरशीला ‘ग्लीमिंग’ म्हटलं की ती नुकती पुसली आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. स्वच्छता शब्दातच आली.

ग्लिसनला ओल किंवा तेलकटपणा लागतो. घाम, गवतावरचं दव, तेल लावलेले केस, मोदकावर सोडलेलं तूप. कोरड्या हिऱ्याला हा शब्द सहसा लावत नाहीत. स्पेलिंगमध्ये ‘टी’ आहे पण उच्चारात नाही, ‘लिसन’मध्ये नाही तसाच. मुलं हमखास ‘ग्लिस्टन’ वाचतात.

ग्लिटर एका ठिकाणी होत नाही. पुष्कळ बारीक ठिपके, प्रत्येक आपापल्या क्षणी उजळणारा. शालूवरच्या टिकल्या, नथीचे खडे, घाटातून दिसणारं रात्रीचं शहर. हा उजेड थंड आणि कठीण आहे, ग्लोसारखी ऊब त्यात नाही. म्हणून दिखाऊपणासाठीही हाच वापरतात.

ग्लिमर अंधुक आणि डळमळता: पलीकडच्या डोंगरातल्या वाडीवरचा मिणमिणता दिवा. ‘ग्लिमर ऑफ होप’मधली आशा तेवढीच असते. ग्लिंट एकदाच, क्षणभर आणि टोकदार. विळीचं पातं वळताना किंवा चष्म्याची काच फिरताना जे होतं ते.

तक्त्यात एक ओळ डोळ्यांची घाला, फरक लगेच लक्षात राहील. डोळे एकच, क्रियापद बदललं की माणूस बदलतो. डोळे ‘ग्लिसन’ झाले तर त्यांत पाणी आलंय. ‘ग्लिटर’ झाले तर लोभ, राग किंवा ताप. ‘ग्लीम’ झाले तर उत्साह, काहीतरी सुचलंय. डोळ्यांत ‘ग्लिंट’ दिसला तर खोडी शिजतेय. आणि ‘ग्लो’ झाले तर समाधान, नाहीतर मांजर. मराठीत या पाचांपैकी चार ठिकाणी आपण ‘डोळे चमकले’ लिहून मोकळे होतो आणि वाचणाऱ्याने मागच्यापुढच्या वाक्यांवरून ओळखायचं. पाणी आलं तरच ‘डोळे पाणावले’.

पोथीचा_किडा

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

योगायोग नाही, पण नियमही नाही. यांतल्या बहुतेक शब्दांचं मूळ एकाच जुन्या धातूत मानतात. त्याचा उच्चार साधारण ‘घेल’सारखा आणि अर्थ चकाकणे, पिवळसर असणे. जर्मॅनिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, डच यांच्या घराण्यात) त्यापासून ग्लो, ग्लीम, ग्लास झाले, गोल्ड आणि यलोही झाले. संस्कृतात मूळच्या ‘घ’चा ‘ह’ झाला आणि हरि, हिरण्य, हरिद्रा हे शब्द आले. हरिद्रेची हळद झाली. म्हणजे डब्यातली हळद आणि इंग्रजी ‘ग्लो’ लांबचे भाऊबंद. वर्गात हे सांगितलं तर मुलं विसरणार नाहीत. ‘ग्लॅड’ही याच घरातला, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ आनंदी आणि तेजस्वी असा दोन्ही होता.

पण रक्ताचं नातं ही अर्धीच गोष्ट. एकदा पुरेसे शब्द जमले की बोलणाऱ्याच्या कानाला ‘जीएल’ आणि उजेड यांची सवय होते, मग बाहेरचा शब्दही त्या ओढीने आत येतो किंवा आपला अर्थ वाकवून घेतो. अशा अक्षरगटाला इंग्लंडचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. भाषेचे अभ्यासक बेंजामिन बर्गेन यांनी २००४ च्या लेखात मोजदाद दिली आहे: ‘जीएल’ने सुरू होणाऱ्या शब्दांपैकी सुमारे ३९ टक्क्यांचा अर्थ उजेड किंवा बघणे यांच्याशी जोडलेला, आणि प्रत्यक्ष मजकुरात किती वेळा येतात हे धरलं तर सुमारे ६० टक्के.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यांत आहे. निव्वळ शब्द मोजले तर निम्म्याहून जास्त वेळा अंदाज चुकेल. ग्लू लॅटिनमधून आला, त्याचा संबंध चिकटपणाशी. ग्लेशिअर फ्रेंचमधून, मूळ अर्थ बर्फ. तो चकाकतो हा भाग वेगळा. ग्लुकोज आणि ग्लिसरीन ग्रीक गोडीचे. ग्लोब म्हणजे लॅटिनमधला गोळा. ग्लव्ह जुन्या इंग्रजीतलाच, पण हातमोज्यात उजेड शोधून सापडणार नाही. मुलांना एवढंच सांगा: शब्द छोटा, रोजच्या बोलण्यातला, क्रियापद म्हणून चालणारा असेल तर उजेडाचा अंदाज करून बघावा. शास्त्राच्या पुस्तकातला लांबलचक शब्द असेल तर करू नये.

दोन शब्द मुद्दाम तक्त्यात घ्या. पहिला ‘ग्लॉस’. एक ग्लॉस म्हणजे तकाकी, रंगाच्या डब्यावर असते ती. दुसरा ग्लॉस म्हणजे कठीण शब्दावरची टीप. तो ग्रीकमधल्या जिभेसाठीच्या शब्दावरून आला आणि ग्लॉसरी त्याची. स्पेलिंग एक, घराणी दोन. दुसरा ‘ग्लॅमर’. हा तर चक्क ‘ग्रामर’चा स्कॉटिश अपभ्रंश. पोथ्या वाचणाऱ्या माणसाला जादूटोणाही येत असणार अशी समजूत होती, म्हणून ‘ग्रामर’ला मंत्रविद्येचा अर्थ चिकटला, मग नजरबंदीचा, आणि शेवटी सिनेमातल्या झगमगाटाचा. ‘आर’चा ‘एल’ झाला आणि शब्द चमकणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला. व्याकरणाच्या शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

मराठीतही असे गट आहेत, आपलं लक्ष जात नाही एवढंच. चिकट, चिखल, चीक, चिवट, चिघळणे, चिकणमाती म्हणताना ‘चि’ बोटांना लागल्यासारखा वाटतो. पण चिमणी आणि चिंच? चिमणीला काही चिकटत नाही.

आडवी_रेघ

वर सगळे ‘जीएल’ला धरून बसले आहेत. अर्थातला फरक शब्दाच्या शेपटीत आहे आणि ती शेपटी शिकवली तर तक्ता निम्मा होईल.

इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटी ‘ईआर’ किंवा ‘एलई’ लागलं की पुष्कळदा अर्थ होतो ‘पुन्हा पुन्हा, थोडं थोडं’. स्पार्क म्हणजे ठिणगी, स्पार्कल म्हणजे ठिणग्यांसारखं सतत चमचमणं. क्रॅक म्हणजे एकदा तडकणं, क्रॅकल म्हणजे तडतडणं. डेझ म्हणजे बधिर करणं, त्यावरून डॅझल, डोळे दिपवणं. रेस्ट म्हणजे हिसकावणं (हा डब्ल्यूने सुरू होणारा रेस्ट, विश्रांतीचा नव्हे), रेसल म्हणजे कुस्ती, सतत हिसकाहिसकी.

हेच काम मराठी शब्द दोनदा म्हणून करते. ट्विंकल म्हणजे लुकलुक. फ्लटर म्हणजे फडफड. क्रॅकल म्हणजे तडतड. ग्लिमर म्हणजे मिणमिण. ग्लिटर म्हणजे चमचम किंवा झगमग. उलट ग्लो, ग्लीम, ग्लिंट यांना शेपटी नाही, म्हणून त्यांना दुहेरी मराठी शब्द देऊ नये. ग्लोला ‘रसरसणे’ चालतं. ते दुहेरी दिसलं तरी उघडझाप दाखवत नाही. ग्लीमला लकाकणे किंवा ‘चकचकीत दिसणे’. ग्लिंटला ‘लकाकून जाणे’, कारण ते जायलाच हवं. ग्लिसनची अडचण आहे. ‘तुकतुकीत’ जवळचा, पण तो कातडीपुरता आणि ओलाव्याशिवायही चालतो. ‘ओलसर चकाकी’ असं सरळ लिहावं, शब्दाला शब्द शोधत बसू नये.

काजव्यावर हमखास चूक होते. भाषांतरात ‘ग्लोवर्म’ दिसला की काजवा लिहितात आणि तो लुकलुकतो म्हणतात. ग्लोवर्म म्हणजे युरोपातल्या एका भुंग्याची बिनपंखी मादी. गवतात बसून एकसारखा हिरवट उजेड देते, म्हणून तर ग्लो. मृगाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या झाडांवर जो उडतो आणि उघडझाप करतो तो फायरफ्लाय. त्याच्यासाठी फ्लॅश किंवा फ्लिकर. कवितेत एकाच्या जागी दुसरा खपतो, वर्णनात खपत नाही.

तिरकी_मात्रा

आडवी_रेघ यांची शेपटी बरोबर आहे, पण एक खड्डा दाखवतो. ‘ग्लो’ला ‘ईआर’ लावून जे स्पेलिंग होतं त्याचा उच्चार ‘ग्लाउअर’ आणि अर्थ खाऊ की गिळू अशा नजरेने बघणे. आजच्या अर्थात ग्लोशी काही देणंघेणं नाही. मुलं ‘जो ग्लो करतो तो’ असा अर्थ लावतात आणि रागावलेल्या सासऱ्याला तेजस्वी करून ठेवतात. ग्लायडरमधला ‘ईआर’ही वेगळा, तो ‘करणारा’ दाखवतो. कसोटी सोपी: ‘ईआर’ काढून उरलेलं क्रियापद वेगळं चालतं का बघा. ग्लाइड चालतं, म्हणून ग्लायडर म्हणजे तरंगत जाणारा. ‘ग्लिट’ असं क्रियापद नाही, म्हणून ग्लिटरमधला ‘ईआर’ पुन्हा पुन्हाचा. ही कसोटी ग्लाउअरवर फसते, तो पाठच करावा.

बघण्याचा पूर्ण गट राहून गेलाय. ग्लेअरचे दोन अर्थ: डोळ्यांवर येणारा उजेड, समोरच्या गाडीच्या दिव्यांसारखा, आणि डोळे वटारून बघणे. दोन्हीत टोचणं समान आहे. ग्लोट म्हणजे दुसऱ्याची फजिती बघून मनात गुदगुल्या होणं. ग्लान्स आणि ग्लिम्प्स यांत तर पदवीधरही गोंधळतात. ग्लान्स आपण टाकतो: मुद्दाम, पण क्षणभर. ग्लिम्प्स आपल्याला मिळतो: दार अर्धवट उघडलं, गर्दी हलली, आणि ओझरतं दिसलं.

ग्लान्सचा जुना अर्थ मुलांना क्रिकेटमुळे आधीच माहीत आहे. लेग ग्लान्स. फलंदाज चेंडू मारत नाही, बॅटचं पातं तिरकं धरतो आणि चेंडू घसरून मागे जातो. रणजितसिंहजींचं नाव ज्या फटक्याशी जोडलं गेलं तो हाच. शब्दाचा मूळ अर्थ ‘तिरकं लागून निसटणे’, तलवार चिलखतावरून घसरते तसं. नजरेचा अर्थ नंतर आला: तीही लागते आणि निसटते.

जाता जाता इतर अक्षरांबद्दल. ‘डब्ल्यूआर’ म्हणजे पिळणे, वळणे: रिस्ट, रिंग म्हणजे पिळणे, रेंच म्हणजे गॅरेजमधला पाना, रिंकल, रीथ. राँगचा मूळ अर्थही ‘वाकडं’. जॉन वॉलिस यांनी १६५३ च्या इंग्रजी व्याकरणात हा गट नोंदवला आहे. पण लिहिण्याचा ‘राइट’ यात बसत नाही, त्याचं मूळ ओरखडण्यात. आपल्या ‘लिहिणे’चं मूळही संस्कृत ‘लिख्’, ओरखडणेच.

‘एसएन’ म्हणजे नाक: स्निफ, स्नोर, स्नॉर्ट, स्नाउट. गंमत स्नीझची. हा शब्द मुळात ‘एफएन’ने सुरू व्हायचा. तो अक्षरगट इंग्रजीतून गेला आणि शिंक नाकाच्या घोळक्यात येऊन बसली. साप, बर्फ आणि गोगलगाय याच अक्षरांचे, त्यांचा नाकाशी संबंध नाही.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, तक्ता पुन्हा मांडतो. मुलांच्या वह्यांत येतात तशी पाच वाक्यं देतोय. क्रियापदं मुद्दाम त्यांनी लिहिली तशीच ठेवली आहेत. तपासाल का?

१. तेल लावलेले पैलवानाचे दंड उन्हात ग्लिटर करत होते.
२. सरांनी मागच्या बाकाला ग्लेअर केलं.
३. गर्दीत मला तिची ग्लान्स मिळाली.
४. दुकानात नवी भांडी ग्लिमर करत होती.
५. उन्हाने तळ्याचं पाणी ग्लिटर केलं.

हंडा_कळशी

दुसऱ्यात शब्द बरोबर, जोडणी चूक. मराठीतल्या ‘ला’मुळे मुलं ‘ग्लेअर्ड द लास्ट बेंच’ लिहितात. ग्लेअर आणि ग्लान्स दोघांनाही ‘अ‍ॅट’ लागतो: ‘ग्लेअर्ड अ‍ॅट द लास्ट बेंच’. ग्लिम्प्स मात्र क्रियापद म्हणून आलं तर अ‍ॅटशिवाय सरळ माणसाला लागतं.

तिसऱ्यात ग्लिम्प्स हवं: ‘कॉट अ ग्लिम्प्स ऑफ हर’. तिने आपल्याकडे बघितलं असं म्हणायचं असेल तर ‘शी ग्लान्स्ड अ‍ॅट मी’. वाक्य कुणाच्या बाजूने आहे ते आधी ठरवा.

चौथ्यात ग्लीम. मिणमिणती भांडी कोण घेईल?

पाचव्याची चूक सगळ्यात खोल, कारण ती मराठीतून येते. आपण चमकणेवरून चमकवणे करतो, उजळणेवरून उजळवणे, आणि वाटतं इंग्रजीतही होत असेल. या सहांतल्या एकाही शब्दाला असं कर्म लागत नाही. ‘द सन मेड द वॉटर ग्लिटर’ किंवा सरळ ‘द वॉटर ग्लिटर्ड इन द सन’. ग्लिटर इथे योग्य आहे, पाणी ओलं असूनही. ओलेपणाचा थर कशावर तरी असेल तर ग्लिसन. पाण्यावर लाटांनी उजेडाचे तुकडे केले की ग्लिटर. हे मुलांना वेगळं सांगावं लागेल, नाहीतर माझ्याच वरच्या नियमाने ती चुकतील.

पहिल्यात ग्लिसन. फक्त पैलवान आखाड्यातून उठून आला असेल आणि दंडांना तांबडी माती लागली असेल तर तोही नको, मातीने माखलेलं अंग चमकत नाही. तिथे वाक्यच बदला.